लांब कानांचं स्थळ

३ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर मी नुसतं ‘हो, हो’ करत होते, त्याचा अर्थ होकार असा धरू नका. फोन आहे सासूबाईंच्या पलंगाशेजारी. आपण बोलायला लागलो की त्या डोळे मिटून घेतात आणि कान उघडे ठेवतात. म्हणून हे पत्र. माझी जात तुम्हाला ठाऊक आहे: मॅट्रिकपर्यंत शिकले, पण लिहायला बसले की कागदाची पाठही सोडत नाही.

तुम्ही सासूबाईंसाठी तुमच्या गावी शुश्रूषागृहात खोली बघितलीत, एप्रिलअखेर न्यायला येते म्हणालात. तुम्ही लेक आहात, तुमचा जीव तुटतो हे मला कळतं. न्हाणीघरात पडल्यापासून त्या ज्या आडव्या झाल्या त्या झाल्याच. पण परवा हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. म्हणाले, “बाई, हाड सांधलंय, माझ्या हाडापेक्षा पक्कं आहे. मोडलाय तो धीर, आणि त्याला प्लास्टर घालता येत नाही.” ज्या बाईने शाळेत उभा जन्म कवायत शिकवली, पोरांच्या रांगाच्या रांगा ‘डावा-उजवा’ करत चालवल्या, ती आता पाय खाली टेकवायचा म्हटलं की माझं मनगट करकचून धरते आणि “उद्या” म्हणते. उद्या उजाडला की पुन्हा उद्या.

आता मुद्द्याचं. दवाखान्यात बसलो होतो तेव्हा एका पेशंटबरोबर कुत्रा होता. तो आला आणि सासूबाईंच्या मांडीवर त्याने हनुवटी टेकवली. त्या चक्क हसल्या. तो निघाला तशा त्याला पाहायला खुर्चीतून अर्ध्या उठल्या, मग भान आलं आणि धपकन बसल्या. डॉक्टरांनी दारातून पाहिलं. म्हणाले, “घरात एखादं शांत, मायाळू कुत्रं आणून बघा. पण अंगावर उड्या मारणारं नको आणि दचकून भुंकणारं नको. या पुन्हा पडल्या तर मग माझ्याही हातात काही नाही.”

तुमच्या इमारतीत घरटी कुत्रा आहे असं तुम्हीच सांगता. कुठल्या जातीचा घ्यावा ते कळवा. आणि खोलीचं अजून नक्की करू नका. मी देवाला रोज विनवतेय. पण तो एकटा किती बघणार, म्हणून तुम्हालाही लिहिते.

तुमची
वहिनी

•

१० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी डोक्याला हात लावला. आईला नर्स हवी आहे, तुम्ही कुत्रा आणताय. पण डॉक्टर म्हणतात तर म्हणोत. विमा कचेरीत माणसांच्या जोखमी मोजता मोजता केस पिकले; कुत्र्यांची जोखीम पहिल्यांदाच मोजतेय.

जर्मन शेफर्ड अजिबात नको, घराचं पोलीस ठाणं होईल. पॉमेरेनियन आमच्या शेजारी आहे. दारावरून वारा गेला तरी भुंकतो. पग गोड असतो, पण उकाड्यात धापा टाकतो आणि घोरतो, आणि घोरणारा एक प्राणी तुझ्या घरात आहेच, माझा भाऊ. बीगलचं नाक जमिनीला चिकटलेलं; वास लागला की तो पुढे आणि घरातली माणसं मागे. लॅब्राडोर प्रेमळ खरा, पण लहानपणी अंगात वारं भरलेलं असतं. मला विचारशील तर गोल्डन रिट्रीव्हर घे. सोशिक, समजूतदार, माणसाच्या पायाशी पडून राहणारा. मात्र पिल्लू घेऊ नकोस. वाढलेला घे, म्हणजे स्वभाव आधीच कळतो. सुनेसारखं नाही, की घरी आल्यावर कळावा!

थट्टा सोड. माझी अट सरळ आहे. मी येईन तेव्हा आई पलंगापासून फाटकापर्यंत आपल्या पायांनी आली पाहिजे, कुणाचा हात न धरता. आली, तर खोली रद्द. नाही आली, तर तू रडायचं नाही आणि आडवंही यायचं नाही. कबूल असेल तरच कुत्रा बघायला जा.

तुझी
वन्सं

•

२७ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

कबूल! आणि ठरलंसुद्धा. पेढे वाटावेत अशी बातमी आहे, पण आधी स्थळं कशी बघितली ते ऐका.

कापड घेताना मी कोपरा ओला करून चोळून बघते, रंग जातो का. कढई घेताना बोटाने वाजवते. मग कुत्रा काय नुसता फोटोवर घ्यायचा? आपल्या घराला लागून तुमच्या बंधूंचा लोखंडी कपाटांचा कारखाना. दिवसभर पत्र्यावर हातोडा. जो कुत्रा आवाजाला दचकेल तो इथे वेडा होईल आणि सासूबाईंना पाडेल. म्हणून मी पिशवीत पिठाच्या डब्याचं झाकण घेऊन निघाले. जिथे जायचं तिथे गप्पांच्या भरात ते हातातून निसटल्यासारखं करायचं, आणि नवरदेव काय करतो ते बघायचं. तुमचे बंधू म्हणाले, “लोक तुला वेडी म्हणतील.” म्हटलं, म्हणू देत, शांत कुत्रं तर मिळेल.

तुमचा गोल्डन दातांच्या डॉक्टरांकडे होता. रूप राजबिंडं, स्वभाव लोण्याचा. झाकण पडलं तर त्याने नुसतं माझ्याकडे असं पाहिलं, की ‘बाई, लागलं का?’ मी जवळजवळ हो म्हणाले होते. पण उठले तेव्हा माझे कपडे सोनेरी झाले होते. तुमच्या बंधूंचा चेहरा पडला. कपाटाच्या ओल्या रंगावर एक केस बसला तरी अख्खं दार घासून पुन्हा रंगवावं लागतं. हा तर केसांचा पाऊस. मन मारून उठलो.

फोटोग्राफरच्या लॅब्राडोरने दोन्ही पंजे माझ्या खांद्यावर ठेवून मला मिठी मारली आणि झाकण तोंडात धरून पळाला. ते परत मिळवायला तिघे धावलो. बेकरीवाल्यांच्या बीगलने झाकण पडल्यावर जो सूर लावला तो आम्ही गल्ली सोडेपर्यंत. आणि पग? तो कपाटाखाली गेला तो शेवटपर्यंत आलाच नाही. आमचं स्थळ त्याला पसंत नसावं.

शेवटी गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांच्याकडे बॅसेट हाउंड जातीचे दोघे, आई आणि मुलगा. आखूड पाय, लांब अंग, सगळ्या जगाचं दुःख पोटात घातल्यासारखा चेहरा, आणि कान एवढे लांब की चालताना जमिनीला टेकतात. बाई लहान घरात राहायला चालल्यात, दोघांना नेणं जमत नाही. मी गेले तेव्हा एक शिष्या असं काही रडगाणं गात होती की माझेच दात शिवशिवले. आई-कुत्री उठून अंगणात गेली. हा मुलगा मात्र पेटीला टेकून निवांत झोपलेला. मी झाकण टाकलं. गाणारी मुलगी किंचाळली, बाईंनी छातीला हात लावला. आणि हा? त्याने झोपेतच कूस बदलली!

बाई म्हणाल्या, “हा असाच आहे. थोडा हट्टी आहे, हाक मारली तर मनात असेल तर येतो. आई उठली की उठतो, आई जेवली की जेवतो. पण चिडलेला मी कधी पाहिला नाही.” शिवाय केस आखूड, चाल गोगलगायीची, आणि उडी मारायची म्हटली तरी माणसाच्या गुडघ्याच्या वर पोचायचा नाही. अंगावर काय झेपावणार, बापडा!

देवानेच राखून ठेवला होता बघा. रविवारी घरी आणतोय.

तुमची
वहिनी

•

६ मार्च

प्रिय वहिनी,

बॅसेट? मी गोल्डन सांगितला, तू बॅसेट आणलास. म्हणजे मी सल्ला देते आणि तू तो इस्त्री करून कपाटात ठेवतेस.

स्वभावाने ती जात चांगली, मान्य. पण लाळ गळते आणि हट्ट पराकोटीचा. कान रोज पुसत जा, एवढ्या लांब कानांत वारा जात नाही, आत बिघडतं. पायऱ्या चढायला लावू नकोस, पाठ लांब असल्याने मणका दुखावतो. आमच्या कचेरीतल्या एकीकडे आहे, तिने सांगितलं.

आई काय म्हणाली ते लिही. खरं लिही. खोलीचं मी नक्की केलंय, हेही खरं लिहिते. निळे पडदे बसवून घेतले. आईला निळा आवडतो.

तुझी
वन्सं

•

१९ मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

विचारलंत म्हणून सांगते. सासूबाईंनी त्याला पाहिलं आणि म्हणाल्या, “पायपुसणं आणलंस होय? की याच्या आत कुत्रा आहे?” त्याने तेवढ्यात जमिनीवर अंग टाकलं आणि पोट वर केलं. “लोळ्या आहे नुसता,” त्या म्हणाल्या. झालं, नाव पडलं. आता सगळे लोळ्याच म्हणतात.

काय सांगू त्याची शांती! मी सकाळी देवापुढे घंटा वाजवते तेव्हा हा शेजारी डोळे मिटून पडलेला. मागच्या जन्मीचा कुणी साधू असणार. कुकरची शिट्टी होवो, कारखान्यात पत्रा पडो, ढिम्म हलत नाही. पोस्टमन दार बडवून गेला तरी याची समाधी मोडत नाही. फक्त पहिले काही दिवस दारातून दारात फिरून कुणाला तरी शोधत होता. आईला शोधत असणार, बिचारा. आता सासूबाईंच्या खोलीच्या उंबऱ्यावर मुक्काम ठोकलाय. जुना स्वेटर उसवून अंथरूण शिवलंय, फुकटात.

सासूबाई त्याच्याशी दिवसभर बोलतात. माझ्या चुगल्या करतात, मी ऐकते. चालण्याचं अजून नाव नाही, पण बसायला लागल्या आहेत. तुमचे निळे पडदे कुणा गरजूला द्या. एप्रिल अजून लांब आहे.

तुमची
वहिनी

•

२ एप्रिल

वहिनी,

काल तुझ्या नवऱ्याचा कचेरीत फोन आला, कपाटांच्या विम्यासाठी. बोलता बोलता त्याच्या तोंडून गेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, कुत्रा ठार बहिरा आहे. जन्मापासून.

मला हसावं की रडावं कळेना. पिठाचं झाकण घेऊन गावभर फिरलीस, त्यावर अख्खं पान लिहिलंस आणि शेवटी घरात आणलास तो बहिरा! शांत नाही गं तो, त्याला काही ऐकूच येत नाही. आणि मागच्या पत्रात साधू म्हणे, समाधी म्हणे. तेव्हा तुला माहीत नसेल, मानते. पण कळल्यावर मला लिहायचं होतंस. फोनवर ‘सगळं छान आहे’ म्हणालीस, त्याला आता आठवडा झाला.

आईला पटकन बाजूला होता येत नाही आणि कुत्र्याला कुणाची चाहूल लागत नाही. कधी एकमेकांच्या पायात येतील याचा नेम नाही. मला ही जोखीम नको. महिनाअखेरची वाट बघत नाही. येत्या पंधरा तारखेला, शुश्रूषागृहाची गाडी आणि मदतनीस बाई घेऊन मी येते. अट तीच आहे. पण मला आशा नाही, आणि तूही ठेवू नकोस.

तुझी
वन्सं

•

७ एप्रिल

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचे बंधू! त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही. मी तुम्हाला लिहिणार होते, पण एक गोष्ट पुरी होऊ दे मग लिहीन म्हणून थांबले. ती झाली. आता सगळं सांगते, आणि मान खाली घालून नाही, ताठ मानेने सांगते.

हो, लोळ्या बहिरा आहे. त्या गाणाऱ्या बाईंनाही पत्ता नव्हता. मी निरोप पाठवला तर रडल्या बिचाऱ्या. डॉक्टरांनी समजावलं: आईच्या पाठोपाठ उठायचा, बसायचा, दाराकडे धावायचा, म्हणून कुणाला कळलं नाही. आईपासून वेगळा झाला तेव्हा उघड झालं. आणि न येण्याला सगळे हट्ट म्हणत राहिले, कारण जातच तशी.

त्या दिवशी दवाखान्यातून परतलो तेव्हा तुमचे बंधू म्हणाले, “परत देऊन येऊ. उपयोग काय याचा?” सासूबाई पलंगावरून कडाडल्या, “परत? माझं हाड मोडलं तेव्हा मला दिलंत का परत? आणि दिलं असतंत तर घेतलं असतं कुणी?” विषय तिथेच संपला.

आता खरी गंमत ऐका, वन्सं. धड ऐकू येणारा कुत्रा असता ना, तर सासूबाईंनी पलंगावरून हाक मारली असती आणि तो शेपूट हलवत पलंगापाशी गेला असता. लाड झाले असते, आणि त्या जन्मभर तिथेच राहिल्या असत्या. लोळ्याला हाक मारून भागत नाही. त्याला बोलवायचं तर त्याच्या डोळ्यांसमोर जाऊन उभं राहावं लागतं!

मागच्या शुक्रवारी दुपारी तो उंबऱ्यावर पाठ करून बसला होता आणि तोंडात होती सासूबाईंची चप्पल. मी कणकेत. सासूबाई सुरू झाल्या, “ए लोळ्या, टाक ती! अगं ए, बघ ना, चावतोय!” मी म्हटलं, “हात भरलेत, येते.” “येते येते म्हणशील आणि माझ्या चपलेचा चोथा होईल! ए मेल्या! टाक म्हणते ना!” म्हटलं, “त्याला ऐकू येत नाही, सासूबाई. समोर जावं लागेल.” “मग जा की तू!” “कणीक सुकेल.”

खोटं बोलले, देव क्षमा करो. कणीक झाकून ठेवता येते.

मग आतून काही आवाजच येईना. हळूच डोकावले. सासूबाई उभ्या! एक हात मेजावर, मग मेज सुटलं, मग भिंत, मग तीही सुटली. माझे पाय धावायला निघाले. मी दाराची चौकट घट्ट धरून ठेवली, त्यांना नाही, मला थांबवायला. उंबरा ओलांडून त्या त्याच्यासमोर जाऊन ठाकल्या, कमरेवर हात ठेवून. तर्जनी खाली केली. कवायतीच्या मैदानावर करत असतील तशी, कडक. लोळ्याने वर पाहिलं, चप्पल त्यांच्या पायाशी ठेवली आणि लाळेने भिजलेलं तोंड त्यांच्या पावलावर टेकवलं.

मग त्यांना भान आलं. “अगं, मी उभी कशी?”

“पायांवर,” मी म्हटलं.

अशा हसल्या, अशा हसल्या की मलाच त्यांना खुर्ची सरकवावी लागली. मी मग न्हाणीत जाऊन रडून घेतलं. तुमची अट रडायचं नाही ही होती, पण ती हरल्यावरची.

आता रोजची कवायत आहे. हात वर, म्हणजे ये. तळवा पुढे, म्हणजे थांब. बोट खाली, म्हणजे बस. तो मठ्ठ आहे असं मला वाटलं होतं. डोळ्यांनी सगळं टिपतो. आणि प्रत्येक हुकूम द्यायला त्या उठून समोर जातात. पायात यायची तुम्हाला भीती वाटते ना? तो त्यांच्यावरून नजर काढतच नाही. त्या हलल्या की हलतो, थांबल्या की थांबतो. आधी आईचं बघून चालायचा, आता यांचं बघून.

फाटकापर्यंत अजून गेलेल्या नाहीत, अंगणाच्या पायरीशी अडतात. मागे फिरतात. खोटं कशाला सांगू? पंधरा तारीख आहे. या तुम्ही. गाडीही आणा. मी आडवी येणार नाही, शब्द दिलाय.

तुमची
वहिनी

•

१८ एप्रिल

प्रिय वहिनी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परत आल्यापासून पेन हातात घेते आणि हसू येतं. तू त्या दिवशी चहाचा ट्रे धरून मख्ख उभी होतीस, म्हणून माझ्या बाजूने काय घडलं ते तुला सांगते. तुला ते वाचायचा हक्क आहे, मनसोक्त वाच.

गाडीतून उतरताना मी भाषण पाठ करत होते. मदतनीस बाईने चाकांची खुर्ची बाहेर काढली. मी थेट आईच्या खोलीत गेले, तर पलंग रिकामा, चादर ताणून घातलेली. तुला विचारलं, “आई कुठे?” तू म्हणालीस, “बाहेर गेल्यात.” मी म्हटलं, “बाहेर म्हणजे कुठे? कुणी नेलं?” तर तू म्हणतेस, “लोळ्याने. चहा घ्या.”

मग बसलो. मी, मदतनीस बाई, गाडीवाला, आणि मध्ये ती रिकामी खुर्ची. चालता न येणाऱ्या बाईची आम्ही वाट बघत बसलो, आणि ती येईचना! माझा भाऊ कारखान्यातून डोकावून विचारतोय, “सापडली का?” आणि तू त्याला डोळे वटारून हाकलतेयस.

शेवटी फाटक वाजलं. पुढे तुझं ते पायपुसणं, कान फरफटत, आणि मागे आई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाव. कुणाचा हात नाही. मला बघून थांबली नाहीसुद्धा. तळवा पुढे केला. मला वाटलं, मला थांब म्हणतेय. मी दारात जागच्या जागी थांबले. तो कुत्रा थांबला, मदतनीस बाई थांबली, गाडीवालाही उठता उठता थांबला. शाळेतली सगळी पोरं का घाबरायची ते कळलं.

आई म्हणाली, “आलीस? उशीर झाला आम्हाला. बेकरीपाशी याने बसकण मारली. त्या बीगलशी ओळख काढत होता.” मग खुर्चीकडे काठी दाखवून, “ही कुणासाठी?” मी खुर्ची मागे सरकवली. तीच म्हणाली, “पडदे निळे घेतलेस म्हणे. रंग चांगला आहे.” म्हणजे तुझं खरं, वहिनी; तिचे कान कधीच मिटलेले नव्हते. खोलीचं तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पायरीशी अडलेली बाई त्या सकाळी पायरी का उतरली, ते मला तुझ्या चहाबरोबर कळलं.

काल शुश्रूषागृहात जाऊन खोली रद्द केली. व्यवस्थापकांनी रजिस्टर उघडलं आणि कारण विचारलं. म्हटलं, लिहा, पेशंट घरी सापडत नाही.

हरले मी. इतक्या आनंदाने पहिल्यांदाच हरले. एकच रुखरुख सांगते. मी इथे राहायला आले त्याला वर्षं झाली, पण आईने माझं घर अजून पाहिलेलं नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आधी ती शाळेत गुंतलेली, मग बाबांच्या आजारपणात, मग पडली. आता ते राहिलंच, असं म्हणायचं. असो.

तुझी
वन्सं

•

२५ एप्रिल

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. व्यवस्थापकांपाशी आल्यावर त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, आणि मग तुमच्या बंधूंना कारखान्यातून बोलावून तिसऱ्यांदा.

शेवटचा भाग मी गाळणार होते. पण तोवर कागद त्यांच्या हातात गेला होता आणि चष्मा नाकावर. वाचून कागदाची घडी घातली. काठी घेऊन उठल्या, फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. लोळ्या दमून अंगणातच आडवा झाला. मग येऊन मला म्हणाल्या, “तिला लिही, येत्या रविवारी येतेय. राहायला नाही, बघायला. दुपारचं जेवीन, घर बघीन, पडद्यांना नावं ठेवीन आणि परत येईन.”

मी म्हटलं, “सासूबाई, तिसरा मजला आहे.”

“ऐकलं मी. मी काय बहिरी आहे?”

तेव्हा आम्ही चौघे येतोय. फार काही करू नका, साधंच जेवण ठेवा. बाकीचं मी डब्यात घालून आणीन. एकच अडचण आहे. तुम्हीच लिहिलं होतंत की या जातीला पायऱ्या चढवायच्या नाहीत, मणका दुखावतो. आणि लोळ्या आता चांगला जड झालाय, दोन माणसांशिवाय उचलत नाही. तुमचे बंधू एका बाजूने धरतील. दुसऱ्या बाजूला तुम्ही लागाल. म्हणून आमची गाडी आली की खाली उतरा.

सासूबाईंसाठी उतरू नका. त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलंय, त्या आपल्या आपण येतील.

तुमची
वहिनी